ग्रंथसूचीचा सर्व्हर बंद करू नका



गेल्या दोन महिन्यांत आपल्या शाळेत ज्या एका प्रकरणाची बरीच कुजबुज झाली, त्याबद्दल आज उघडपणे लिहीत आहे. अकरावीतील एका विद्यार्थ्याच्या घरी चालणाऱ्या ग्रंथसूचीच्या सर्व्हरमध्ये बाहेरचे कोणीतरी शिरले आणि सगळी माहिती पुसून गेले. त्या माहितीत ग्रंथालयाच्या सभासदांची यादीही होती. येत्या सभेत, विद्यार्थ्यांनी असले उद्योग करू नयेत आणि संकेतस्थळाचे काम पैसे देऊन बाहेरून करून घ्यावे, असा ठराव येणार आहे. माझे मत या ठरावाच्या विरुद्ध आहे. ते का, हे सांगायचे तर काय घडले ते आधी नीट सांगावे लागेल. कारण ऐकीव गोष्टींत 'हॅकर' आणि 'व्हायरस' हे शब्द फार झाले आहेत आणि खरी चूक कुठे झाली ते कोणीच सांगत नाही. त्या चुकीत माझाही वाटा आहे, तोही पुढे येईलच.

आपल्या ग्रंथालयात मराठी पुस्तकांची तीन मोठी कपाटे आहेत. रावपुरा, दांडिया बाजार या भागांतल्या जुन्या कुटुंबांनी वाडे पाडताना, घरे बदलताना मोठ्या मनाने दिलेली ही पुस्तके. त्यांची दाखल-वही हाताने लिहिलेली, काही पानांची शाई उडालेली. कोणते पुस्तक आहे आणि कोणते नाही हे फक्त ग्रंथपालबाईंना ठाऊक, आणि त्या रजेवर असल्या की कोणालाच नाही. मागच्या मे महिन्याच्या सुट्टीत अकरावीतील हा मुलगा आणि त्याच्याच वर्गातील एक मुलगी यांनी ती सगळी वही संगणकावर उतरवून काढली. पुढची कल्पना मुलाची: घरी पडून असलेल्या जुन्या संगणकावर लिनक्स घालायचे, यादी मारियाडीबी नावाच्या डेटाबेसमध्ये ठेवायची आणि एक साधे पान बनवायचे, म्हणजे कोणाच्याही आजोबांना घरबसल्या पाहता येईल की अमुक पुस्तक शाळेत आहे की नाही.

बडोद्यात हे सांगायला नको, पण सांगतो. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानभर ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली, आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवल्या. पुस्तक कपाटात असून उपयोग नाही, ते मागणाऱ्याला सापडले पाहिजे, हा विचार या शहरात शंभर वर्षांहून जुना आहे. मुलांनी केले ते त्याच वाटेवरचे काम होते.

सर्व्हर म्हटले की काहींच्या डोळ्यांसमोर वातानुकूलित खोली येते. तसे काही नसते. विचारले की उत्तर देणारा कोणताही संगणक म्हणजे सर्व्हर. वर्ल्ड वाइड वेबचा पहिला सर्व्हर स्वित्झर्लंडमधील सर्न या संस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या टेबलावरचा एक संगणकच होता, आणि हा सर्व्हर आहे, बंद करू नये, असे हाताने लिहिलेली पट्टी त्यावर चिकटवलेली होती. आमच्या मुलाच्या घरीही पहिल्याच आठवड्यात तशी चिठ्ठी लावावी लागली, कारण आजी रात्री निजण्यापूर्वी घरातली सगळी बटणे बंद करत असत. 'डेटाबेसला जोडता येत नाही' या पहिल्या तक्रारीचे कारण एवढेच निघाले.

आता खरी अडचण. मुलाने पान बनवले, पण पान उघडले की पुस्तकांऐवजी १६९८ क्रमांकाची चूक दिसायची: 'रूट ॲट लोकलहोस्ट' याला प्रवेश नाही. रूट म्हणजे डेटाबेसचा सर्वाधिकारी. मुलाने रूटचा पासवर्ड तपासला आणि पुन्हा पुन्हा टाकला, तरी तेच. याचे कारण असे, की लिनक्सवरच्या अलीकडच्या मारियाडीबीत रूटला पासवर्ड विचारतच नाहीत. दारावर उभा असलेला माणूस संगणकाच्या लेखी कोण आहे, एवढेच पाहतात. संगणकाचा सर्वाधिकारी स्वतः आला तर आत. दुसरा कोणी कितीही बरोबर पासवर्ड घेऊन आला तरी बाहेर. पान चालवणारा वेबसर्व्हर हा संगणकाच्या लेखी वेगळा, कमी अधिकाराचा वापरकर्ता असतो, म्हणून त्याला प्रवेश नाही. हे चुकीचे वागणे नव्हे, ही मुद्दाम केलेली सोय आहे. संदेश मुलाला सांगत होता की पानासाठी रूट वापरू नकोस, वेगळा वापरकर्ता कर.

तो त्याने केला. मग १०४५ क्रमांकाची चूक आली. ही चूक या क्षेत्रातील प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेली असते. तिच्या शेवटी कंसात दोन-तीन शब्द असतात आणि सगळे गुपित त्यातच असते: 'यूजिंग पासवर्ड' आणि पुढे 'येस' किंवा 'नो'. 'येस' असेल तर तुम्ही पासवर्ड पाठवला पण तो जुळला नाही, किंवा या नावाचा माणूस या ठिकाणाहून येण्याची परवानगी नाही. 'नो' असेल तर तुम्ही पासवर्ड पाठवलाच नाही, मग बरोबर की चूक हा प्रश्नच उरत नाही. मुलाच्या पडद्यावर 'नो' होते. म्हणजे पान पासवर्ड पाठवतच नव्हते. पुढे आम्ही पाहिले तेव्हा कळले की ज्या फाइलमधून पान पासवर्ड उचलते, तिथे त्या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक 'एस' गळलेला होता. एका अक्षराची चूक! सर्व्हरच्या चुकांच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, हे ओळ क्रमांकासह लिहिलेलेही होते. ती वही उघडायची असते हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

रात्रीचे साडेअकरा वाजलेले, सकाळी शाळा. मुलाने पाच-सहा तास घालवले होते. मग थकलेला माणूस करतो तेच त्याने केले. पान पासवर्ड पाठवत नाही ना, मग पासवर्डच नको. त्याने तो वापरकर्ता पुसून बिनपासवर्डाचा केला, आणि पान उघडले! त्याच भरात आणखी दोन गोष्टी केल्या. मुलीला तिच्या घरून नोंदी करता याव्यात म्हणून त्या वापरकर्त्याला कोणत्याही ठिकाणाहून येण्याची परवानगी दिली. डेटाबेसमध्ये टक्क्याच्या चिन्हाचा अर्थ 'कुठूनही' असा होतो. आणि डेटाबेस फक्त स्वतःच्या संगणकाचे ऐकत असे, ते बदलून त्याने सगळ्यांचे ऐकायला लावले. अधिकार मोजून देण्याऐवजी सगळेच दिले. कुलूप उघडेना म्हणून दारच काढून भिंतीला टेकवून ठेवावे, तसे झाले.

तरी त्या रात्री काहीच बिघडले नाही. कारण हे दार अजून घराच्या आतले होते.

दुसरी अडचण बाहेरची. पान त्याच्या घरात दिसे, मुलीच्या घरी दिसत नसे. घरातल्या संगणकाला राउटर जो पत्ता देतो, १९२.१६८ ने सुरू होणारा, तो घरापुरता असतो. असे लाखो घरांत तेच पत्ते आहेत; सोसायटीत 'पहिला मजला, डावीकडचे दार' म्हणावे तसे. बाहेरच्याला ते दार दाखवायचे तर राउटरला सांगावे लागते की ८० क्रमांकाच्या दारावर कोणी आले तर अमुक संगणकाकडे पाठव. संगणकाला अशी पासष्ट हजारांवर दारे असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. ८० आणि ४४३ ही संकेतस्थळाची, ३३०६ हे डेटाबेसचे. मुलाने ८० चे सांगितले. पण एकदा वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला आणि त्याने घरातले पत्ते नव्याने वाटले. सर्व्हरचा पत्ता गेला दिवाणखान्यातल्या टीव्हीला, आणि पाहुणे टीव्हीचे दार ठोठावू लागले. सर्व्हरला पक्का पत्ता बांधून द्यायला हवा होता. त्याऐवजी त्याने राउटरमधली अशी एक सोय चालू केली की बाहेरून येणारा प्रत्येक, कोणत्याही दाराचा, थेट सर्व्हरकडे जाईल.

तरीही बाहेरून पान दिसेना! इथे पुष्कळ जण हात टेकतात. कारण पाहायचे तर राउटरच्या पानावर त्याला बाहेरून मिळालेला पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यापैकी कशानेही सुरू होत असेल, तर तो तुमचा एकट्याचा नाही. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. आशियाच्या वाट्याचा साठा एप्रिल २०११ मध्ये शिधावाटपावर आला. पुढच्या वर्षी या सामायिक पत्त्यांसाठी वेगळा गट राखून ठेवण्यात आला, आणि आता कितीतरी घरे मिळून एकच खरा पत्ता वापरतात. आतून बाहेर जाता येते, पण बाहेरून आत यायला स्वतंत्र दारच नसते. राउटरमध्ये काहीही बदला, उपयोग शून्य. मुलाच्या वडिलांनी जोडणी देणाऱ्या कंपनीला फोन केला आणि वर्षाचे जादा पैसे भरून स्वतःचा कायमचा पत्ता मागितला.

तो पत्ता एका शुक्रवारी संध्याकाळी सुरू झाला. पान बाहेरून उघडले. मुलाने सगळ्या नातेवाइकांना कळवले, मलाही कळवले, आणि मीही शाबासकी दिली. त्या क्षणी ८० बरोबर ३३०६ चेही दार जगाला उघडले गेले होते, आणि त्या दाराला पासवर्ड नव्हता. इतके आठवडे ज्या सामायिक पत्त्याला आम्ही अडचण समजत होतो, तोच नकळत रखवाली करत होता.

रविवारी सकाळी पान कोरे होते. सगळे तक्ते गेले होते आणि त्यांच्या जागी एकच नवा तक्ता, त्यात बिटकॉइनमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी. पैसे दिले नाहीत. अशा प्रकारांत माहिती बहुधा जपून ठेवलेली नसतेच, नुसती पुसलेली असते. आपल्या शाळेचे नाव पाहून कोणी हे केले असे कृपया समजू नये. जगभरचे पत्ते एकामागून एक ठोठावत जाणारे यांत्रिक कार्यक्रम रात्रंदिवस चालू असतात, आणि जे दार उघडे सापडेल तिथे शिरतात. मोठमोठ्या कंपन्यांचेही हेच होते. २५ जानेवारी २००३ रोजी स्लॅमर नावाचा जेमतेम ३७६ बाइटचा कार्यक्रम मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सर्व्हरांमधून पसरला आणि सुमारे ७५,००० संगणक त्याने गाठले, बहुतेक पहिल्या दहा मिनिटांतच. त्यावरची दुरुस्ती सहा महिने आधी निघालेली होती, लावली नव्हती. जानेवारी २०१७ मध्ये बिनपासवर्डाचे उघडे ठेवलेले मोंगोडीबीचे हजारो डेटाबेस असेच पुसले गेले आणि अशाच चिठ्ठ्या ठेवल्या गेल्या. ते डेटाबेस अकरावीतल्या मुलांनी लावलेले नव्हते.

पुस्तकांची यादी आम्हाला परत मिळाली. मुलीने आपल्या पेनड्राइव्हवर मूळ फाइल ठेवली होती म्हणून. ती मुलगी नसती तर एका सुट्टीचे श्रम पाण्यात गेले असते.

पण सभासदांची यादी? तीही आमच्याकडे आहे. प्रश्न तो नाही. प्रश्न असा, की ती आणखी कोणाकडे गेली? त्यात मुलांची नावे, इयत्ता आणि पालकांचे मोबाइल क्रमांक होते. ती कोणी उतरवून घेतली की नाही ते सांगता येत नाही, आणि घेतली असेल तर परत मागता येत नाही. ही यादी मुलाला मी दिली. कोणते पुस्तक कोणाकडे आहे तेही पानावर दिसले तर बरे, असे ग्रंथालय समितीत मीच म्हणालो होतो आणि फाइल मीच पाठवली होती. त्याने मागितली नव्हती. पस्तीस वर्षे कारखान्याच्या संगणक विभागात काढलेल्या माणसाने विचारायला हवे होते की बाबा रे, ही कुठे ठेवणार, तिथे कोण कोण पोहोचू शकतो. मी विचारले नाही.

सोमवारी शाळा भरण्यापूर्वी मुलगा स्वतः ग्रंथपालबाईंकडे गेला आणि सगळे सांगितले. कोणी पकडले म्हणून नव्हे. त्याने पान पुन्हा भरून टाकले असते, तर आपल्यापैकी कोणालाही कधी काही कळले नसते. ठरावावर मत देताना विश्वस्त मंडळींनी ही गोष्ट लक्षात घ्यावी अशी माझी विनंती आहे. सांगणाऱ्याचे काम आपण काढून घेतले, तर पुढच्या वेळी जो कोणी चुकेल तो सांगणार नाही. आणि पुढची वेळ येणारच; शाळेच्या कार्यालयातही संगणक आहेत.

काम बाहेर द्यावे या मुद्द्यात तथ्य नाही असे मी म्हणत नाही. प्रवेश, फी, गुणपत्रिका, पत्ते, फोन यांचा डेटाबेस कोणत्याही विद्यार्थ्याच्या घरी असू नये. तो अनुभवी माणसाच्या हाती असावा, किंवा इंटरनेटला न जोडलेल्या संगणकावर असावा. याबाबत माझा ठरावाला पूर्ण पाठिंबा आहे. पण पुस्तकांच्या यादीत लपवण्यासारखे काय आहे? ती तर जगाने पाहावी म्हणूनच आहे. ती पुसली गेली तर पेनड्राइव्हवरून पुन्हा भरता येते. शिकण्यासाठी याहून चांगली जागा मिळणार नाही. आपली मुले फोन सराईतपणे वापरतात, पण त्या फोनवरचे पान कुठून येते, कोण त्याला आत घेते आणि कोण अडवते, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते. पुस्तकी धड्यात हे येत नाही, आले तरी समजत नाही. १०४५ ची चूक स्वतःच्या हाताने सोडवली की समजते.

शिवाय काम बाहेर दिले की दार आपोआप बंद होते असेही नाही. कोणालाही काम द्या, त्याला दोन प्रश्न विचारावेच लागतील: डेटाबेस बाहेरून दिसतो का, आणि पान कोणत्या अधिकाराने आत जाते? हे प्रश्न विचारू शकेल असा माणूस शाळेत हवा. तो आपल्याच मुलांतून तयार होईल.

नंतरच्या तीन शनिवारी आम्ही काय केले ते थोडक्यात लिहितो, म्हणजे कोणाच्या घरी असा प्रयोग चालू असेल तर उपयोग होईल. अडचण शोधताना आतून बाहेर जायचे, उड्या मारायच्या नाहीत. आधी त्याच संगणकावर पानाच्या नावाने डेटाबेसमध्ये हाताने शिरून पाहायचे. ते जमल्यावर त्याच संगणकावर पान उघडायचे. मग घरातल्या दुसऱ्या संगणकावरून. शेवटी मोबाइलचे वायफाय बंद करून, मोबाइलच्या इंटरनेटवरून. ही शेवटची चाचणी महत्त्वाची, कारण काही राउटर घरातल्या माणसाला बाहेरच्या पत्त्याने स्वतःच्याच घरात येऊ देत नाहीत, आणि आपण उगाच घाबरतो की सर्व्हर बंद आहे.

कोणत्या पायरीवर काय उत्तर मिळते ते कागदावर उतरवायचे. 'टाइम्ड आउट' म्हणजे बहुधा तुमची थाप पोहोचलीच नाही. वाट किंवा फायरवॉल पाहा. 'रिफ्यूज्ड' म्हणजे थाप बहुधा पोहोचली, पण त्या दारामागे कोणी बसलेले नाही. कार्यक्रम चालू आहे का ते पाहा. ४०३ आले तर वेबसर्व्हरपर्यंत पोहोचलात, त्याने अडवले. १०४५ आले तर डेटाबेसच्या टेबलापर्यंत पोहोचलात, ओळख पटली नाही. चारही वेळा पडद्यावर पान दिसत नाही एवढेच सारखे असते, बाकी सगळे वेगळे. म्हणून १०४५ वर राउटर बदलून काही होत नाही, आणि 'टाइम्ड आउट' वर पासवर्ड काढून काही होत नाही. मुलाने घातलेल्या तासांतले निम्मे तास या घोटाळ्यात गेले होते.

डेटाबेसला माणसाची ओळख नाव आणि ठिकाण मिळून होते, हेही मुलांना नवीन होते. रावपुऱ्याची मावशी आणि मांडवीची मावशी यांना आपण एक समजत नाही, तसाच लोकलहोस्टवरून येणारा 'ग्रंथालय' आणि कुठूनही येणारा 'ग्रंथालय' हे दोन वेगळे वापरकर्ते, त्यांचे पासवर्ड वेगळे असू शकतात. लिनक्सवर आणखी एक गंमत आहे. 'लोकलहोस्ट' म्हटले की डेटाबेसकडे घरातल्या घरात, मागच्या दाराने जातात, १२७.०.०.१ म्हटले की त्याच घरात पण रस्त्याच्या बाजूने फिरून. एकाने प्रवेश मिळतो आणि दुसऱ्याने नाही, असे झाले तर हे आठवावे.

आता डेटाबेस पुन्हा फक्त स्वतःच्याच संगणकाचे ऐकतो. पानाच्या वापरकर्त्याला लांबलचक पासवर्ड आहे आणि त्याला एकच अधिकार आहे, वाचण्याचा. उद्या कोणी पानातून शिरलाच तर त्याला पुस्तकांची नावे वाचता येतील, एवढेच. राउटरवर फक्त ८० आणि ४४३ उघडे आहेत. डेटाबेस हाताळायचे पीएचपीमायॲडमिन हे पान त्याच संगणकावरून उघडते, इतर कुठूनही नाही. नव्या पद्धतीच्या, म्हणजे आयपीव्ही६ च्या पत्त्यानेही आम्ही बाहेरून तपासून पाहिले. त्या पद्धतीत प्रत्येक संगणकाला स्वतःचा खरा पत्ता असतो आणि राउटरमधली दारांची यादी तिथे कामाची नसते, फायरवॉलच पाहावी लागते. बरेच जण हे विसरतात. लेट्स एन्क्रिप्टचे मोफत प्रमाणपत्र लावले आहे. पेनड्राइव्हवरची प्रत दर शनिवारी ग्रंथपालबाईंच्या खणात जाते, आणि सत्रातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर भरून पाहायची असे ठरले आहे. न भरून पाहिलेल्या प्रतीवर माझा विश्वास नाही. जोडणीचा करारही वाचला, कारण काही घरगुती योजनांत सर्व्हर चालवण्यास मनाई असते. या योजनेत नाही.

सभासदांची यादी सर्व्हरवर नाही आणि पुन्हा जाणार नाही. ती ग्रंथालयाच्या टेबलावर, वहीत आहे.

एका गोष्टीवर मात्र समितीत अजून एकमत झालेले नाही, आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्यांचे क्रमांक त्या यादीत होते त्या प्रत्येक पालकाला शाळेने पत्र पाठवावे, असे मी पहिल्या दिवसापासून म्हणत आहे. शाळेचे नाव खराब होईल, पालक घाबरतील, असे काहींचे म्हणणे पडले. पालक घाबरतील हे खरे आहे. पण उद्या एखाद्या आईला फोन आला आणि बोलणाऱ्याने मुलाचे नाव व इयत्ता बरोबर सांगून पैसे मागितले, तर तिला आधी ठाऊक असायला हवे की असा फोन येऊ शकतो. २०२३ साली संमत झालेल्या वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याचीही हीच अपेक्षा आहे, की माहिती फुटली तर ज्याची ती आहे त्याला कळवावे. अठरा वर्षांखालील प्रत्येक जण त्या कायद्यात बालक आहे, आणि त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी असे त्यात म्हटले आहे. आम्ही तीही घेतली नव्हती. तेव्हा पत्र निघेपर्यंत पालकांनी हा लेखच पत्र समजावा: शाळेच्या नावाने फोन आला आणि पैसे, ओटीपी किंवा बँकेची माहिती मागितली, तर फोन ठेवून द्यावा आणि कार्यालयात स्वतः येऊन विचारावे.

सभेत मी दोन सूचना मांडणार आहे. ग्रंथसूचीचा सर्व्हर चालू राहावा, त्यावर पुस्तकांखेरीज काहीही नसावे, आणि सत्रातून एकदा शाळेबाहेरच्या जाणकाराने तो बाहेरून ठोठावून पाहावा. दुसरी सूचना पत्राची. त्याचा मसुदा मी लिहिला आहे आणि सही करायलाही तयार आहे.

मुलगा पुढच्या वर्षी बारावीत जाईल आणि त्याच्या आईने त्याला आतापासूनच सांगून ठेवले आहे की संगणक दिवाळीपर्यंतच. नववीतल्या दोन मुली आणि एक मुलगा शनिवारी शाळा सुटल्यावर ग्रंथालयात बसून त्याच्याकडून शिकत आहेत. चुका लिहायची वही आता त्यांच्याकडे आहे. परवा मी डोकावलो तेव्हा त्यांनी मुद्दाम पासवर्ड चुकीचा टाकून 'येस' आणि 'नो' दोन्ही आणून पाहिले होते, आणि आयपीव्ही६ वरून पान का उघडत नाही यावर वाद चालला होता. त्याचे उत्तर मलाही लगेच देता आले नाही.